चिमूटभर बी, पसाभर सल्ला

आमच्या छत्रपती संभाजीनगरात कुणाकडे पाणी मागितलं तर माणूस घटकाभर विचारात पडतो. बी मागितलं तर हाताला धरून घरात नेतो. पाण्याचं समजण्यासारखं आहे. जायकवाडीचं धरण पैठणला, पन्नासेक किलोमीटरवर. तिथून निघालेलं पाणी आपल्या नळाला नेमकं कधी येईल, हे सांगायला पत्रिका पाहणारे गुरुजीही धजावत नाहीत. दोन पाण्यांमध्ये आठवडा गेला तरी इथं कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही. अशा गावात लोक हौसेनं गच्चीवर टोमॅटो आणि मिरच्या लावतात. भाजी धुतलेलं पाणी, तांदळाचं धुवण, आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी, सगळं बादलीत साठवलं जातं. आणि स्वतःच्या अंघोळीला हात आखडता घेणारा गृहस्थ संध्याकाळी मिरचीच्या बुडाशी तांब्याभर पाणी सढळ हातानं ओततो.

पुढे त्या मिरचीला फळ धरलं, ते लाल झालं, वाळलं, की या गृहस्थाच्या अंगात कर्ण संचारतो. फरक एवढाच की कर्ण मागितल्यावर द्यायचा. हे न मागता देतात.

खरं म्हणजे बियाण्याची अदलाबदल करत बसावं असं हे ठिकाणच नव्हे. तासाभराच्या अंतरावर जालना. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली तिथं महिको सुरू केली आणि बियाण्याचा धंदा त्या गावात असा रुजला की जालना म्हटलं की देशभरातल्या शेतकऱ्याला आधी बियाण्याचं पाकीटच आठवावं. बारवाले यांना १९९८ साली वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. जगाला बी पुरवणाऱ्यांचा शेजार आम्हाला लाभलेला आहे. पण शेजारी मोठा असला की आपली अडचण त्याला दिसतच नाही. मोंढ्यातल्या कृषी सेवा केंद्रात जाऊन टोमॅटोचं बी मागून पाहा.

"किती एकर लावायचं?" दुकानदार विचारतो.

"चार कुंड्या."

दुकानदार सभ्य असेल तर पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. नसेल तर मागे बसलेल्या माणसाला हाक मारून हे ऐकवतो. त्याचाही दोष नाही. एका ग्रॅममध्ये टोमॅटोच्या बिया तीनशेच्या आसपास भरतात. संकरित बियाण्याचं दहा ग्रॅमचं पाकीट घेतलं तर त्यात तीन हजार रोपांची सोय असते आणि ते सहज आठ-दहा गुंठ्यांना पुरतं. सिडकोतल्या एका ओळीतल्या सगळ्या गच्च्या जोडल्या, मधल्या पाण्याच्या टाक्या आणि वाळत घातलेले कपडे हलवले, तरी दहा गुंठे भरतील की नाही याची शंका आहे.

मग माणूस घरच्या टोमॅटोकडे वळतो. एक चांगला पिकलेला टोमॅटो कापला की आत शे-दीडशे बिया निघतात. लावायच्या असतात चार. उरलेल्यांचं करायचं काय? टाकवत नाहीत, कारण वाढवताना रक्ताचं पाणी केलेलं असतं. खाता येत नाहीत. विकल्या तर चार लोक हसतील. यातून समाजकार्याचा जन्म होतो.

हे समाजकार्य कशाकशात बांधून येतं ते पाहण्यासारखं असतं. कापराची रिकामी डबी, होमिओपॅथीच्या गोळ्यांची बाटली, लग्नपत्रिकेच्या पाकिटाचा गणपती छापलेला अर्धा भाग. सगळ्यांत लोकप्रिय म्हणजे औषधाच्या दुकानातली खाकी पिशवी. त्यामुळे लवंगी मिरचीच्या बियांवर 'दिवसातून दोन वेळा, जेवणानंतर' असा मजकूर येतो आणि तो अगदीच चुकीचा आहे असंही म्हणता येत नाही. बी कशाचं आहे, हे पुडीवर लिहायची पद्धत आहे. पण ते आपल्याला कळेल इतपतच लिहायचं. एका घरातल्या पुड्या मी वाचल्या आहेत. 'टोमॅटो (आईचे)'. 'लाल – बरी'. 'मोठे, पण पाहावे'. आणि एका पुडीवर नुसतं, 'ती मिरची'. घरातल्या कुणालाही 'ती' म्हणजे कोणती हे सांगता आलं नाही, पण पुडी टाकायचं नाव कुणी काढलं नाही. साल तर कुणीच लिहीत नाही. टोमॅटोचं बी नीट वाळवून कोरडं ठेवलं तर चार-पाच वर्षं टिकतं. मिरचीचं दोन-तीन वर्षांत मान टाकायला लागतं. 'ती मिरची' कुठल्या सालची होती हे कळतं तर निदान आशा तरी सोडता आली असती.

पुड्यांचा मुक्काम फ्रिजमध्ये, दारातल्या अंड्यांच्या खणात. शाकाहारी घरात हा खण वर्षानुवर्षं मोकळा असतो आणि त्यात काय ठेवावं हा प्रश्न फ्रिज घेतल्यापासून पडलेला असतो. बियांनी तो सोडवला.

आता वाणांच्या नावांविषयी. कृषी संशोधन संस्था आपल्या वाणांना पुसा रुबी, अर्का विकास अशी नावं देतात. आमच्याकडे वाण देणाऱ्याच्या नावानं ओळखला जातो: बँकवाल्यांचा टोमॅटो, दातांच्या डॉक्टरांची लवंगी, दुसऱ्या मजल्याची ढोबळी. घर बदललं की नाव बदलतं. एकच टोमॅटो एन-फोरमध्ये 'बँकवाल्यांचा' असतो, गारखेड्यात गेला की 'सिडकोचा' होतो आणि उल्कानगरीत पोचेपर्यंत 'पुण्याचा' झालेला असतो, कारण मध्ये कुणाच्या तरी पुण्याच्या जाऊबाईंनी त्याचं कौतुक केलेलं असतं. असा गावभर हिंडून तो वाण कधीतरी मूळ बँकवाल्या काकांच्याच हातात येतो. सोबत लागवडीच्या सूचनाही येतात. काका पुडी उलटसुलट करून पाहतात आणि म्हणतात, "आमच्याकडे साधारण असाच होता. पण हा जरा उजवा वाटतो."

मिरचीच्या बाबतीत माहेर लागतं. सिल्लोड-भोकरदनचा पट्टा मिरचीचा. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात हंगामात मिरचीनं भरलेल्या गाड्या उभ्या असतात. तिकडचं माहेर असलेल्या बाईला आमच्या बीजव्यवहारात जो मान आहे तो एरवी दाराशी चारचाकी उभी असलेल्यांनाच मिळतो. तिच्या नुसत्या बोलण्यावर बी खपतं. "आमच्या आजीच्या आजीपासूनची मिरची आहे ही," असं ती सांगते आणि ऐकणाऱ्या माना डोलावतात. तुरीच्या पट्ट्यातलं माहेर असलेल्या वहिनी अशा वेळी उठून चहा ठेवायला जातात.

त्या आजीच्याही मागे जायचं ठरवलं तर पंचाईत होते. मिरची आणि टोमॅटो, दोघांचंही माहेर अमेरिका. पोर्तुगीजांची गलबतं गोव्याला लागल्यानंतर मिरची आपल्याकडे आली. त्याआधी तिखटाचा बराचसा कारभार मिरीवर चालायचा. टोमॅटोला तर आपल्या स्वयंपाकघरात मुरायला त्याहून कितीतरी जास्त काळ लागला. म्हणजे आज आपण ज्याला घरचं, खानदानी, पिढीजात बी म्हणतो तेसुद्धा कुणीतरी कुणाकडून मागून आणलेलं. त्या पहिल्या पुडीवर नाव, गाव, साल काही लिहिलेलं नव्हतं, म्हणूनच आज ती मिरची प्रत्येकीच्या माहेरची होऊ शकते.

देवघेवीच्या जागा ठरलेल्या आहेत. पहाटेची जागा म्हणजे गोगाबाबा टेकडी. तिथं चालायला येणारे मधुमेहावर बोलतात, मुलांच्या पॅकेजवर बोलतात आणि उतरताना एखादा हळूच खिशात हात घालतो. इकडंतिकडं बघून एक छोटी पुडी दुसऱ्याच्या मुठीत सरकवली जाते. दूर उभ्या असलेल्या पोलिसाला भलताच संशय यावा अशी ही सगळी हालचाल असते. बोलणंही त्याच धाटणीचं.

"माल ओरिजिनल ना?"

"घरचा आहे. पण कुणाला सांगू नका, सगळेच मागायला लागतात."

दुसरी जागा हळदीकुंकवाची. संक्रांतीला प्लास्टिकचे डबे लुटून लुटून घरोघरी कुठलं झाकण कुठल्या डब्याचं याचा मेळ बसेनासा झाला, तेव्हा काही बायकांनी बियांच्या पुड्या लुटायला सुरुवात केली. कल्पना फार चांगली. मात्र टोमॅटोचं वाळलेलं बी चपटं, फिकट आणि थोडं लवदार असतं, आणि संक्रांत हा तिळाचा सण आहे. एका घरी ती पुडी सरळ कढईत गेली असं ऐकिवात आहे. लाडू खमंग झाले होते, असंही ऐकिवात आहे.

या बाजारात पैसे चालत नाहीत. पण म्हणून भाव नसतो असं नाही. साधा लाल टोमॅटो सर्वांत खाली. त्याच्या बदल्यात फार तर मेथी मिळते. चेरी टोमॅटोला थोडी पत आहे, पिवळ्याला त्याहून जास्त. जांभळ्या मिरचीसाठी दोन पुड्या मोजाव्या लागतात. आणि सगळ्यांच्या वर भूत जोलोकिया. ईशान्येकडच्या या मिरचीची २००७ साली गिनीजच्या पुस्तकात जगातली सर्वांत तिखट म्हणून नोंद झाली, तेव्हापासून ती ज्याच्या त्याच्या गच्चीवर असायला हवी असं झालं आहे. ती खात कुणी नाही. झाडाला लागते, पाहुण्यांना लांबून दाखवली जाते, वाळते आणि तिचं बी पुढच्या घरी जातं. तिथंही ती कुणी खात नाही. स्वयंपाकघरात पाऊल न ठेवता इतकं हिंडलेली दुसरी भाजी नसेल.

२०२३ च्या जुलैत मात्र साध्या लाल टोमॅटोचे दिवस पालटले. बाजारात किलोचा भाव दीडशे-दोनशेच्या घरात गेला आणि ज्यांच्या गच्चीवर दोन झाडं होती त्यांच्याकडे ओळखी निघू लागल्या. ज्यांनी कधी जिन्यात मान वर करून पाहिलं नव्हतं ते "तब्येत कशी आहे?" विचारत वर आले. सगळ्यांनी बी नेलं, सगळ्यांनी पेरलं. या कुंड्यांना फळं धरली तेव्हा बाजार असा कोसळला होता की शेतकरी टोमॅटो रस्त्यावर ओतून देत होते. शेतकऱ्याला हे गणित दरवर्षी सोडवावं लागतं. आमच्या गल्लीला ते एकदाच पडलं, आणि त्यावरची चर्चा अजून संपलेली नाही.

आता या व्यवहाराचं मुख्य कलम. बी देणारा बी देतो, मालकी देत नाही. पुडी तुमच्या हातात पडली त्या क्षणापासून ते रोप त्याचं असतं; तुम्ही फक्त सांभाळायला ठेवलेलं असता. दुसऱ्या दिवशी फोन येतो.

"काय, आलं का वर?"

"कालच पेरलं ना काका."

"ते झालं. पण पाणी झारीनंच घातलं ना? तांब्यानं नाही ना ओतलं?"

मिरचीचं बी उगवायला आठ-दहा दिवस, थंडी असली तर त्याहून जास्त दिवस घेतं. तेवढ्या काळात बी देणाऱ्याचा रक्तदाब आणि घेणाऱ्याचा फोन, दोन्ही वर-खाली होत राहतात. रोप चार पानांवर आलं की पाहणी दौरा ठरतो. काका येतात, चहा घेतात, पोहे नको नको म्हणत खातात आणि मग "चला, बघू" म्हणून गच्चीवर जातात.

"कामून हो वहिनी, उन्हात का ठेवलं?"

"तुम्हीच म्हणाला होतात उन्हात ठेवा."

"ते टोमॅटोचं म्हणलो होतो. हे मिरचीचं आहे."

"पण पुडीवर टोमॅटो लिहिलं होतं."

"पुडी जुनी होती. आतलं नवीन होतं."

यावर कुणालाच काही बोलता येत नाही. काका कुंडीतल्या मातीत बोट खुपसतात, वास घेतात, चेहरा गंभीर करतात. हिमायतबागेत कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे, पैठण रोडला कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथं शिकलेली माणसं बसलेली असतात. त्यांच्याकडे आमच्या गल्लीतलं कुणी गेल्याचं मला आठवत नाही. ते पोहे खायला घरी येत नाहीत, हे त्याचं एक कारण असावं.

मिरचीची पानं वळायला लागली की सल्ल्यांचा हंगाम सुरू होतो. याला शेतकरी चुरडा-मुरडा म्हणतात, बोकड्याही म्हणतात. पानं वरच्या बाजूला वळली तर बहुधा फुलकिडे, खालच्या बाजूला वळली तर कोळी, आणि पांढरी माशी विषाणू घेऊन आली तर सगळंच गोळा. एवढं बघून मग इलाज करायचा असतो. आमच्याकडे पान कुठंही वळो, आंबट ताक ठरलेलं. त्यानं भागलं नाही तर हिंगाचं पाणी, मग राख, मग तंबाखूचं पाणी, मग कडुनिंब, मग लसूण. आठवडाभरात त्या कुंडीला कढीसारखा वास येतो. रोप तरीही जगलं तर ज्याचा सल्ला शेवटचा होता त्याला श्रेय. मेलं तर घेणाऱ्याचा हात जड.

मेलेल्या रोपाची बातमी देणाऱ्याला कशी कळवायची, हा मोठा नाजूक प्रश्न आहे. पुष्कळ लोक तो नर्सरीत जाऊन सोडवतात. दहा-वीस रुपयांचं तयार रोप आणायचं, त्याच कुंडीत लावायचं आणि काकांना बोलवायचं. काका पाहतात, कृतार्थ होतात, चारचौघांत सांगतात, "आपलंच बी." पुढच्या वर्षी काकांच्या घरचा वाण उन्हाळ्यात जातो. मग ते वहिनींकडेच येऊन म्हणतात, "आमचं जरा थोडं परत द्या." वहिनी देतात. पिढ्यान्पिढ्यांचा खानदानी टोमॅटो तिथून पुढे नर्सरीचा असतो आणि हे जगात एकट्या वहिनींना माहीत असतं.

आणि नर्सरीतलं रोप, तसाच बाजारातला टोमॅटो, बहुतेक वेळा संकरित असतो. नारायणगावचा म्हणा, पिंपळगाव बसवंतचा म्हणा. दोन वेगळे वाण एकत्र आणून कंपनीनं त्याचं बी केलेलं असतं, म्हणून पहिल्या पिढीत सगळी झाडं सारखी, सगळी फळं एका मापाची. त्याच फळातलं बी काढून पेरलं की आई-बापाचे, आजी-आजोबांचे गुण सुटे होऊन बाहेर पडतात. एका घरातली चार भावंडं चार तऱ्हेची निघावीत तशी चार कुंड्यांत चार झाडं उभी राहतात: एकाला मोठी फळं, एकाला गोट्या, एक नुसताच वाढतो, आणि चौथा काही न करता घरात बसून असतो. मग घेणारा देणाऱ्यावर चिडतो, देणारा मातीला नावं ठेवतो. दोघंही निर्दोष असतात. बी राखायचं तर सरळ वाणाचं, म्हणजे ज्याची पुढची पिढी मागच्यासारखीच निघते त्याचं राखावं, ही एवढी गोष्ट माहीत असती तर कितीतरी घरांतले संबंध आज बरे असते.

टोमॅटो त्यातल्या त्यात सोवळा. त्याच्या फुलाचं परागीकरण बहुतेक आपल्या आपणच उरकतं, त्यामुळे शेजारी कोण आहे याचा फारसा फरक पडत नाही. मिरचीचं तसं नाही. तिच्या फुलावर मधमाश्या येतात, आणि सिडकोतल्या जोडघरांच्या गच्च्यांना मध्ये कंबरभर भिंत असते. ती माश्यांना लागू नाही. तुमच्या ढोबळीचं फूल आणि शेजारच्या लवंगीचे पराग यांची गाठ पडली, तर यंदाचं फळ दिसायला-खायला ढोबळीच असतं. भानगड बियांत झालेली असते. पुढच्या वर्षी ते बी लावलं की झाडाला येते ती मिरची दिसायला भोळी आणि चवीला जळजळीत, कारण तिखटपणाचा गुण गोडव्याला दाबून वर येतो. अशा ढोबळीची भरली भाजी जावयाच्या पानात पडल्याचे प्रसंग घडलेले आहेत. ते कुणी कुणावर मुद्दाम आणलेले नव्हते, हे जावयाला पटवून देणं शास्त्राच्या आवाक्याबाहेरचं आहे.

उपाय सोपा आहे. लग्नात बदाम-काजू घालून देतात ती जाळीची नाडीवाली पोटली प्रत्येक घरात पडलेली असते. कळी उमलायच्या आधी ती पोटली फांदीवर चढवायची, रोज हलकेच टिचकी मारायची, फळ धरलं की पोटली काढून देठाला दोरा बांधून ठेवायचा. त्या दोऱ्याचं फळ बियाण्याचं. घरातल्या कुणीतरी नेमकं तेच फळ फोडणीला तोडू नये, यासाठी मात्र अजून उपाय निघालेला नाही.

टोमॅटोचं बी काढायचं काम आमच्या शेजारच्या मावशींकडे पाहावं. झाडावरच पूर्ण पिकून मऊ झालेला, निरोगी झाडाचा, पहिल्या बहरातला टोमॅटो त्या निवडतात. आडवा कापून चमच्यानं गर वाटीत काढतात. प्रत्येक बीभोवती बुळबुळीत पडदा असतो. तो असेपर्यंत बी उगवायचं मनावर घेत नाही. म्हणून थोडं पाणी घालून वाटीवर फडकं बांधून ती दोन-तीन दिवस कोपऱ्यात ठेवायची. दुसऱ्या दिवशी वास सुटतो. तिसऱ्या दिवशी वर पांढरी साय धरते आणि घरातले सगळे जण क्रमाक्रमानं येऊन "काय मेलंय?" विचारून जातात. मावशी वाटीजवळून हलत नाहीत. कारण अशा वाट्या मोरीत ओतून लख्ख घासून ठेवणाऱ्या कामसू हातांनी आजवर जेवढे वाण बुडवले तेवढे कीड-रोगांनी बुडवले नसतील. मग वरची घाण आणि तरंगणारं पोचट बी ओतून द्यायचं, तळाशी बसलेलं भरीव बी चहाच्या गाळणीत घेऊन नळाखाली धुवायचं. नळाला पाणी नसेल तर तांब्यानं. नंतर ते स्टीलच्या ताटलीत पसरून सावलीत वाळवायचं. कागदावर पसरलं तर ते असं चिकटतं की कागदासकट पेरावं लागतं. मावशी ताटलीतल्या बिया दिवसातून दोनदा बोटानं सुट्या करतात. त्या गाळणीतून नंतर चहा गाळला जातो का, हे मी विचारलेलं नाही.

मिरचीला इतके सोपस्कार नकोत. लाल झालेली मिरची झाडावर सुरकुतू द्यायची, तोडून वाळवायची, फोडून बी झटकायचं. अट एकच: त्यानंतर डोळे चोळायचे नाहीत. ही अट पाळलेला माणूस अजून भेटायचा आहे.

एवढं सगळं करून आमच्याकडे मे महिना येतो. पारा चाळिशी ओलांडतो, टोमॅटोची फुलं धरायच्या आधीच गळतात, हिरव्या जाळीखालीही पानं पापडासारखी होतात, आणि नेमका त्याच आठवड्यात पाण्याचा दिवस पुढे ढकलला जातो. एखादं घर लग्नाला म्हणून चार दिवस गावी जातं आणि परत येतं तेव्हा कुंड्यांत नुसत्या काड्या उभ्या असतात. त्या घरी पुडीत बी शिल्लक नसलं, तर तो वाण त्या घरापुरता संपला.

इथं हे सगळे काका-मावशी-वहिनी कामाला येतात. वाण एका घरात मेला तरी तीन घरांत जिवंत असतो. नॉर्वेत, उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर २००८ साली डोंगराच्या पोटात बियांचं कोठार उघडलं. तिथं उणे १८ अंशांत जगभरच्या पिकांचं बी ठेवलेलं आहे. सीरियातल्या अलेप्पोजवळची बीजपेढी युद्धात अडकली, तेव्हा २०१५ साली तिनं आपल्याच बियांची ठेव तिथून परत मागवली आणि काम पुन्हा उभं केलं. तत्त्व एकच: बी एकाच ठिकाणी ठेवू नये. आमच्याकडे डोंगराच्या जागी अंड्यांचा खण आहे, आणि ठेव परत मागताना पोह्यांचा खर्च येतो.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी हेच काम मनावर घेऊन केलं. शाळेत न गेलेल्या या बाईनं देशी बियाण्यांची बँक उभी केली, गावोगावच्या बायकांना बी राखायला लावलं. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. अशा बीजबँकांत साधारण रीत अशी असते की नेलं त्याहून जास्त बी हंगामानंतर परत आणून द्यायचं. आमच्या गल्लीत तेवढी शिस्त नाही. इथं परत येतो तो सल्ला, आणि तो मात्र दुपटीपेक्षा जास्तच येतो.

कायदाही बी राखणाऱ्याच्या बाजूनं आहे. पीक वाणांचं संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांचा कायदा २००१ साली झाला. त्याच्या ३९ व्या कलमानं शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, बदलून घ्यायचा, वाटायचा, विकायचासुद्धा हक्क दिला. संरक्षित वाणाचं बी छापील ब्रँडखाली विकायचं नाही, एवढंच बंधन. कायद्यातला शेतकरी म्हणजे मुख्यतः जमीन कसणारा. बादली कसणारा त्यात बसतो की नाही, यावर आमच्या गल्लीतले निवृत्त वकील बोलायला उत्सुक आहेत, पण त्यांना कुणी विचारू नये. ते बोलून संपेपर्यंत रोपं वाळतील.

तेव्हा वाचकहो, यंदा एवढंच करा. झाडावरचं सगळ्यांत चांगलं फळ खाऊ नका, बियाण्याला ठेवा. संकरित असेल तर तसं मोकळेपणी सांगा. पुडीवर वाण, गाव, महिना आणि साल लिहा. 'ती' लिहू नका. निदान तीन घरांत द्या, आणि त्यातलं एक तरी घर ज्यांच्याशी तुमचं बोलणं बंद आहे त्यांचं असू द्या, कारण मेमध्ये वाण गेला तर परत मागायला निमित्त होईल. आणि दिल्यानंतर किमान दहा दिवस फोन करू नका. मिरचीला उगवायला तेवढे दिवस लागतातच.